मावळाला विचारलं होतं का?

जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटात मजुरांचा उद्रेक झाला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग खंडाळ्यापर्यंत चढवण्याचं काम तीन वर्षं चाललं होतं. ठेकेदार विल्यम फॅविएल याच्या माणसांनी मजुरी थकवली, तेव्हा संतापलेले मजूर गोऱ्या अंमलदारांवर चालून गेले. सरकारने चौकशी लावली, फॅविएलच्या हातून काम गेलं आणि १८६० मध्ये अशा कामांवरचे मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे झटपट मिटवण्याचा कायदा झाला. तो निखळ मजुरांच्या बाजूचा नव्हता. काम सोडून जाणाऱ्या मजुराला त्यात शिक्षाही होती. तरीही ज्यांना मत नव्हतं आणि ज्यांची संघटना नव्हती, त्यांच्या गाऱ्हाण्याची दखल कायदेमंडळाला घ्यावी लागली.

घाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. त्यानंतर मावळातल्या खंडाळा-लोणावळ्याच्या अंगावरून बरंच काही गेलं. टाटांच्या वीज कंपनीने १९११ मध्ये लोणावळ्याजवळ धरणांचं काम सुरू केलं आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला. प्रत्येक योजनेची निकड मुंबईची किंवा पुण्याची होती, जमीन आणि पाणी मात्र इथलं. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात नागरिकांनी काय करायचं असतं, हे समजून घ्यायला मावळाचा इतिहास म्हणूनच उपयोगी पडतो.

घर आणि सरकार यांच्या मधल्या जागेत माणसं आपणहून एकत्र येतात, तिला नागरी समाज म्हणतात. संस्था, मंडळं, संघटना, वर्तमानपत्रं, कधी नुसती एक समिती. पुण्यात हे फार लवकर रुजलं. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने एक नियम केला होता: सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांनी सह्या करून दिलेलं मुखत्यारपत्र हवं. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे सहा हजारांवर सह्या होत्या. ‘आम्ही लोकांच्या वतीने बोलतो’ असं नुसतं म्हणून भागत नव्हतं, ते कागदावर दाखवावं लागे. कोणाच्या वतीने बोलता, हा प्रश्न प्रत्येक नागरी चळवळीला कधी ना कधी विचारला जातो. पन्नास वर्षांनी मुळशीत तो फार कठोरपणे विचारला गेला.

मावळाला लागून असलेल्या मुळशी पेट्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने धरण घालायचं ठरवलं. पन्नासहून अधिक गावं, सुमारे अकरा हजार माणसं आणि सह्याद्रीतली उत्तम भातजमीन त्यात जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ‘सार्वजनिक हित’ हे दोन शब्द पुरेसे होते, शेतकऱ्याची संमती लागत नव्हती. पूर्वसूचनेशिवाय शेतात खंदक खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना योजनेचा खरा अर्थ कळला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडलं. काम बंद पडलं. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी. ‘सेनापती’ ही उपाधी बापटांना इथेच मिळाली. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’.

वर्षाअखेरीस काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही. शेकडो लोक तुरुंगात गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. पण आतून भेग पडली होती. पेट्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांना मोबदला चांगला मिळाला तर धरण चालणार होतं. जो शेत कसत होता त्याला मोबदला नकोच होता, शेत हवं होतं. राजकीय अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावरच्या आपल्या ग्रंथात ही फट नेमकी दाखवली आहे. जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणून ते तिच्याकडे पाहतात. पुढाऱ्यांमध्येही मतभेद होते. निखळ अहिंसेचा मार्ग अपुरा आहे असं बापटांना वाटू लागलं. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या मजुरांची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झालं. मुळशीचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं.

मुळशीचा पराभव नुसता सरकारी दडपशाहीवर टाकता येणार नाही. ज्यांची जमीन जाणार होती आणि ज्यांचा आवाज वर्तमानपत्रांपर्यंत पोचत होता, ती माणसं वेगळी होती. हा दोष आजही नागरी समाजाचा पिच्छा सोडत नाही.

भूसंपादनाचा तो कायदा बदलायला २०१३ साल उजाडलं. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के, शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास, असं नवा कायदा सांगतो. हे कोणा एका सरकारचं औदार्य नव्हतं. मुळशीपासून नर्मदेपर्यंत आणि पुढे सिंगूर-नंदीग्रामपर्यंत लोकांनी दिलेल्या लढ्यांचा तो साठलेला परिणाम होता. निव्वळ सरकारी प्रकल्पांना मात्र ही संमतीची अट नाही.

मावळात प्रश्न पुन्हा पेटला तो पवनेच्या पाण्यावरून. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला थेट बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेला शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीतून पाणी वाहतं तोवर काठच्या उपसा योजना चालतात. नळात बंद झालेलं पाणी आपलं राहणार नाही, ही त्यांची भीती. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्ग रोखला गेला. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मरण पावले, त्यांत एक शेतकरी स्त्री होती. काम थांबलं. २०२३ मध्ये राज्य सरकारने स्थगिती उठवली.

गोळी चालण्याआधी कागद हाती आले पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचा खरा उपयोग तिथे आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगावी जनसुनवाया भरवून मजुरीची हजेरीपत्रकं जाहीर वाचून दाखवली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे २००२ चा राज्य कायदा झाला, आणि २००५ मध्ये केंद्राचा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी हा अर्ज मावळात चिकाटीने वापरला. द्रुतगती मार्ग झाल्यावर इथल्या जमिनींचे भाव चढले आणि संशयास्पद खरेदीखतंही वाढली. शेट्टी सात-बारा, नोंदणी कार्यालयातले दस्त, परवानग्या मागवत आणि एकमेकांशी ताडून पाहत. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी, फिरायला गेले असताना, त्यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१४ मध्ये त्या विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्याच वर्षी संसदेने गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचनाच निघाली नाही. एकट्या माणसाने कागद मागण्यात केवढा धोका आहे, हे तळेगावने पाहिलं. अर्जावर पन्नास जणांच्या सह्या असल्या तर मारेकऱ्याचं काम अवघड होतं. सार्वजनिक सभेचा तो जुना नियम अशा वेळी फार शहाणपणाचा वाटतो.

नागरिकांचं सगळंच काम संघर्षाचं नसतं. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे तरुण पावसाळ्यात भुशी धरणाच्या परिसरात, ड्यूक्स नोजच्या कड्यावर, दरीत अडकलेल्यांना आणायला स्वखुशीने उतरतात. द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये अपघातांत १५१ जीव गेले. त्यानंतर ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ने रस्ते विकास महामंडळाबरोबर काम करून धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे आणि खुणा सुधारायला लावल्या. २०१९ मध्ये मृतांचा आकडा ९२ होता. तोही फार मोठा होता, पण मोजणारं कोणी नसतं तर कमीही झाला नसता.

पवनेचा गुंता मात्र कायम आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना नागरिकच आहेत. पिंपरी-चिंचवडच्या चाळीतल्या बाईला नळाला पाणी हवं, मावळातल्या शेतकऱ्याला ओलिताची हमी हवी. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करणं सोपं आहे. अवघड आहे ते दोघांनी एका सुनावणीत बसणं: धरणातून सुटलेल्या पाण्यापैकी वाटेत किती जातं, शहरात किती गळतं, सांडपाणी शुद्ध करून किती पुन्हा वापरता येईल, उपसा योजनांना कोणतं पाणी लेखी राखून ठेवणार. हे आकडे पाटबंधारे खातं आणि महापालिका यांच्या फायलींत असतात. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांमागची तथ्यं कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायची असतात. मावळातल्या ग्रामसभांनी आणि पिंपरी-चिंचवडच्या नागरी संघटनांनी एकाच मागणीपत्रावर हे आकडे मागावेत, आणि जलवाहिनीच्या कामाला पुन्हा हात लागण्याआधी मागावेत.