खंडानंतर पुन्हा कॉकपिटमध्ये

विमान चालवण्याचे शिक्षण अर्धवट सुटते ते बहुधा पैशाअभावी, नोकरीच्या बदलीमुळे किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे. दहा-पंधरा वर्षांनी हात मोकळा झाला की जुने लॉगबुक बाहेर निघते. त्यातले किती तास अजून धरले जातील आणि अंगात किती कसब उरले असेल, हे दोन प्रश्न मग पुढे येतात. हौशी उड्डाण जिथे खोलवर रुजले आहे त्या अमेरिकेत या दोन्ही प्रश्नांची बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे मिळतात.

तिथे वैमानिकाच्या परवान्याला मुदत नसते, पण तो वापरायला अटी असतात. मागच्या २४ महिन्यांत प्रशिक्षकाबरोबर उजळणी झालेली नसेल, तर विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर हाती घेता येत नाहीत. ही उजळणी म्हणजे किमान एक तास जमिनीवरचा अभ्यास आणि किमान एक तास उड्डाण. ती परीक्षा नसल्याने त्यात नापास कोणी होत नाही. प्रशिक्षकाचे समाधान झाले की लॉगबुकात तशी नोंद होते, नाही झाले तर आणखी धडे घ्यावे लागतात. प्रवासी बसवायचे असतील, तर मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत.

परवाना मिळण्याआधीच शिक्षण सुटले असेल, तर हिशोब वेगळा. खासगी परवान्यासाठी साधारणपणे किमान ४० तास लागतात आणि त्यात जुने तास धरले जातात. लेखी परीक्षेचा निकाल मात्र २४ महिन्यांनी बाद होतो. एकट्याने उडण्याची प्रशिक्षकाची परवानगी ९० दिवसांपुरती असते, आणि अंतिम चाचणीच्या तयारीचे तीन तास आदल्या दोन महिन्यांतलेच असावे लागतात.

खरी अडचण अनेकदा वैद्यकीय तपासणीत येते. मधल्या वर्षांत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा नैराश्यावरची औषधे सुरू झालेली असू शकतात. २०१७ पासून अमेरिकेत ‘बेसिकमेड’ ही सवलतीची वाट आहे. १४ जुलै २००६ नंतर कधीतरी वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्यांना नेहमीच्या डॉक्टरकडून चार वर्षांतून एकदा तपासून घेऊन आणि दोन वर्षांतून एकदा ऑनलाइन पाठ पुरा करून लहान विमाने उडवता येतात. नव्या प्रमाणपत्रासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला, तर ही वाटही बंद होते. म्हणून जुन्या आजारांची कागदपत्रे घेऊन डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा आणि अर्ज नंतर भरावा.

कसबाच्या प्रश्नाचे उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. नासाचे स्टीफन कॅस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ विमान कंपनी वैमानिकांची बोइंग ७४७च्या सिम्युलेटरमध्ये चाचणी घेतली. स्वयंचलित यंत्रणांची सवय लागूनही त्यांचा हात बराचसा शाबूत होता. ढिलाई दिसली ती डोक्याच्या कामात: विमान नेमके कुठे आहे याचे भान, पुढच्या टप्प्याचा विचार, बिघाड ओळखणे. हे लोक नियमित उडणारे होते, पण खंडानंतर परतणाऱ्यांच्या बाबतीतही प्रशिक्षकांचा अनुभव याच दिशेचा असतो. वळण घेणे, उंची राखणे लवकर जमते. चेकलिस्टचा क्रम आणि टॉवरशी बोलणे अडखळते.

मधल्या काळात आकाशाचे नियमही बदललेले असतात. २०२० पासून अमेरिकेतल्या बहुतेक गजबजलेल्या हवाई हद्दीत विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारी ‘एडीएस-बी’ यंत्रणा सक्तीची आहे. कागदी नकाशांची जागा टॅब्लेटने घेतली, गोल काट्यांच्या तबकड्यांऐवजी अनेक विमानांत पडदे आले. म्हणून पहिले काही दिवस इंजिन सुरू न करता कॉकपिटमध्ये नुसते बसून हात कुठे जायला हवा ते घोटणे फायद्याचे ठरते. त्याला तासाचे भाडेही पडत नाही.

हवेत गेल्यावर क्रम साधा असतो: कमी वेगाचे उड्डाण, स्टॉल, तीव्र वळणे, इंजिन बंद पडल्याचा सराव आणि शेवटी लँडिंग. स्टॉलमध्ये पंखांची उचल झपाट्याने घटते. अशा वेळी नाक वर ओढण्याची ऊर्मी आवरून ते आधी खाली करावे लागते. टेक-ऑफला पूर्ण शक्ती दिली की विमान डावीकडे ओढ घेते, आणि उजव्या रडरचा विसर पडलेला वैमानिक धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून सरकतो. लँडिंगला सर्वाधिक वेळ लागतो. सेसना १७२ हे लहान विमान सुमारे ६५ नॉट वेगाने खाली येते. जमीन जवळ आली की नजर नाकासमोरून उचलून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी लागते, तरच उंचीचा अंदाज येतो. नजर जवळच खिळली की नाक लवकर किंवा जास्त उचलले जाते, विमान तरंगते आणि मग धपकन टेकते.

खंडाच्या प्रत्येक वर्षामागे एक तास सराव, असा ठोकताळा प्रशिक्षक सांगतात. तो नियम नव्हे. आठवड्यातून दोन-तीन धडे सलग घेतले तर एकूण तास कमी लागतात. महिन्यातून एक धडा घेतला, तर दर वेळी अर्धा वेळ मागचे आठवण्यातच जातो.

महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया येथे उड्डाण-प्रशिक्षण चालते. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास लागतात आणि उत्तीर्ण झालेल्या पेपरांनाही मुदत असते. शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्याने आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, जुने तास व पेपर ग्राह्य आहेत का ते ‘डीजीसीए’ या नागरी उड्डाण नियामक संस्थेकडून लेखी जाणून घ्यावे आणि मगच संस्थेची फी भरावी.