पाहिलेला माणूस, लिहिलेले पात्र

कथेतले पात्र उभे करण्यासाठी लेखक खरी माणसे न्याहाळतो, तेव्हा चेहरेपट्टी सगळ्यात आधी नजरेत भरते आणि सगळ्यात कमी उपयोगी पडते. नाक, रंग, उंची यांवरून माणूस ओळखता येतो, कळत नाही. टिपायचे ते वागणे, आणि तेही दुसऱ्या कोणाशी तरी चाललेले.

एसटी स्टँडवरच्या बाकावर एक म्हातारा चंची सोडतो. पानाचा देठ खुडतो, चुन्याचे बोट फिरवतो, अडकित्त्याने सुपारी कातरतो. एवढे कोणालाही दिसते. शेजारच्या अनोळख्यापुढे तो चंची आधी सरकवतो की स्वतःचे पान जमल्यावर? काही बोलून देतो की नुसतीच पुढे करतो? बघायचे ते हे. टिपणात ‘दिलदार’ किंवा ‘चिक्कू’ असा शेरा मारू नये. शेरा मारला की बघणे तिथेच थांबते. बोलणेही कानावर पडले तसेच, त्याच क्रमाने उतरवावे. उशिरा आठवून लिहिलेले वाक्य लेखकाच्याच भाषेत येते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला (१९४९) धर्मा रामोशी हा शेरा न मारता वागण्यातून माणूस दाखवण्याचा उत्तम दाखला आहे. त्याला दिलेले धोतर पुढे त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते. दारिद्र्य, माया, लाज हे सगळे त्या एका धोतरात येते. लेखकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

एका पात्रामागे एकच माणूस असतो असेही नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मध्ये खऱ्या, नावानिशी ओळखीच्या माणसांवर लिहिले, तिथे लेखक हकिकतीला बांधलेला असतो. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला अंतू बर्वा मात्र कल्पित. तो रत्नागिरीचा वाटतो तो त्याच्या तिरकस बोलण्यामुळे, आणि असे बोलणे एका माणसाचे नसते, सगळ्या आळीचे असते.

ज्याच्यावरून पात्र सुचले, त्याला गावात तोंड लपवायची पाळी येऊ नये, हे लेखकाने पाळायलाच हवे. नाव, गाव, नातेगोते खुशाल बदलावे. धंदा मात्र सहज बदलता येत नाही. गवंड्याचा शिंपी केला, तर हातांच्या सवयी, तोंडातले शब्द, दिवसाच्या वेळा, सगळेच खोटे पडते. बदलणे भागच असेल, तर एखाद्या शिंप्याच्या दुकानात बसून पहिल्यापासून पाहावे लागते.