तीन सेंटिमीटरचा चौकोन

पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या रेघा. दर तीन सेंटिमीटरवर एक उभी, एक आडवी. इटलीतल्या झानोत्ता कंपनीच्या ‘क्वादेर्ना’ टेबलावर याखेरीज काहीच नाही. ना नक्षी, ना मूठ, ना कुठे गोलाई. गणिताच्या वहीचं पान उलगडून त्याचं टेबल केलं असावं, तसं ते दिसतं. १९७०च्या सुमारास ते आखलं गेलं आणि आजही बनतं. ज्यांनी ते आखलं, त्यांनी हीच जाळी आधी चित्रात मॅनहॅटनवर पसरून दाखवली होती.

ही मंडळी म्हणजे ‘सुपरस्टुडिओ’, फ्लॉरेन्समधल्या तरुण वास्तुविशारदांचा गट. अदोल्फो नातालिनी आणि क्रिस्तियानो तोराल्दो दि फ्रान्चा यांनी १९६६मध्ये तो सुरू केला तेव्हा दोघंही पंचविशीतले होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आर्नो नदीच्या पुराने शहराची ग्रंथालयं आणि शतकानुशतकं जपलेली चित्रं चिखलात घातली. डिसेंबरमध्ये शेजारच्या पिस्तोइया गावात या तरुणांनी पहिलं प्रदर्शन भरवलं. युद्धानंतरची इटली तेव्हा भरभराटीला आली होती. कारखान्यांतून नवनव्या खुर्च्या, दिवे, सोफे बाहेर पडत होते आणि माणसं जुन्या वस्तू टाकून नव्या घेत होती. आपण शिकलो ते या खरेदीला हातभार लावण्यासाठीच का, हा प्रश्न त्यांना छळत होता.

१९६९मध्ये त्यांनी उत्तर दिलं ते एका सूचीच्या रूपात. चौकटींच्या कागदावर आकृत्या आखायच्या आणि त्यांना उंची द्यायची. ठोकळा, पायऱ्या, भिंत, खांब, काटकोनात वळलेली पट्टी. सगळं पांढरं, सगळ्यावर तीच जाळी. त्यांनी याला ‘वास्तुकलेचे हिस्टोग्राम’ म्हटलं आणि ‘वास्तुविशारदांची थडगी’ असं दुसरं नावही दिलं. एकच आकृती बाक म्हणून वापरा, घर म्हणून वापरा, नाहीतर शहर म्हणून. रचनाकाराने आपली सही मिरवायला जागाच उरू नये, हा हेतू.

एकच आकार इतक्या मापांना कसा चालतो? इमारत किती मोठी आहे हे आपल्याला दार, खिडकी, कठडा आणि पायरी सांगते. या खुणा पुसल्या की डोळ्याला धरायला काही राहत नाही. जाळी पृष्ठभागाचे सारखे भाग पाडते, पण एक चौकोन केवढा ते सांगत नाही. तो तीन सेंटिमीटरचा धरला तर समोर टेबल असतं, तीन मीटरचा धरला तर मनोरा. आपल्याकडच्या मॉड्युलर किचनमध्येही ठरावीक मापाची खोकी जोडत जातात, पण तिथलं माप ओट्याशी उभ्या असलेल्या माणसावरून ठरतं. सुपरस्टुडिओने माणसाचं मापच काढून टाकलं.

अर्थात हे कागदावर. पदार्थ मात्र माप विसरत नाही. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीत नजरकैदेत असलेल्या गॅलिलिओने १६३८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच मांडलं होतं. सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण भार पेलणारा छेद फक्त चौपट. टेबलाचा पाय नुसता मोठा करून मनोऱ्याचा खांब होत नाही.

टेबलाच्या मापात मात्र ही कल्पना लख्ख उतरली. अबेट लॅमिनाती कंपनीने जाळी छापलेलं लॅमिनेट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट सनमायका म्हणतात ते, तयार केलं. टेबलाचा गाभा मधाच्या पोळ्यासारख्या (हनीकोंब) रचनेचा, म्हणून दगडी ठोकळ्यासारखा दिसणारा हा ऐवज भरीव नाही. खरी परीक्षा कडेला आहे. वरची रेघ काठावर येते, वळते आणि न तुटता पायावरून जमिनीपर्यंत उतरते. लॅमिनेट जरासं सरकलं तरी चौकोन फाटलेला दिसतो. इथे चूक झाकायला नक्षी नाही. साधेपणासाठी कारागिराला केवढी मेहनत पडते, ते हा कोपरा निरखल्यावर कळतं.

शहराच्या मापात मात्र हीच जाळी अंगावर येते, आणि ती यावी अशीच योजना होती. १९६९च्याच ‘अखंड स्मारक’ या छायाचित्र-चिकटकामांच्या मालिकेत एक पांढरा, चौकटींचा प्रचंड ठोकळा डोंगर, किनारे आणि शहरं ओलांडत पृथ्वीभर जातो. १९७१मध्ये त्यांनी बारा ‘आदर्श’ शहरांच्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या शहरात प्रत्येक माणसाला एकसारखी कोठडी आहे. तिथे सगळ्या गरजा भागतात. पण कुणाच्या मनात बंडाचा विचार पुन्हा आला तर छत दोन हजार टनांच्या जोराने खाली येतं. सगळ्यांना एकाच मापात बसवणारं नियोजन कुठवर जाऊ शकतं, हे त्यांनी टोकाला नेऊन दाखवलं. १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एमिलियो आंबाझ यांनी इटालियन रचनेचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथे सुपरस्टुडिओने आरशांच्या भिंतींमध्ये जाळीची जमीन मांडली. प्रतिबिंबांमुळे तिला अंत दिसत नव्हता. त्यांनी शहर म्हणून काहीच बांधलं नाही आणि १९७८मध्ये गट विसर्जित झाला.

इशारा म्हणून काढलेली चित्रं पुढे आराखड्यासारखी वाचली गेली, ही या कथेतली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब. सौदी अरेबियाने २०२१मध्ये ‘द लाइन’ जाहीर केलं. १७० किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद, ५०० मीटर उंच आणि बाहेरून आरशाचं असं हे शहर वाळवंटातून सरळ रेषेत जाणार, असा बेत होता. त्याची चित्रं पाहताच अनेक समीक्षकांना ‘अखंड स्मारक’ आठवलं. फरक एवढाच की १९६९च्या चित्रांना गुंतवणूकदार नको होते. ज्यांनी हे जाळीचं शहर चित्रात काढलं, त्यांनीच त्यात राहण्याचा धोका लिहून ठेवला होता. त्या बारा गोष्टी नगररचनेच्या वर्गात त्या चित्रांसोबतच वाचल्या जायला हव्यात.