नाताळची सकाळ, कॅम्प आणि सायकल

बेळगावच्या कॅम्पात निवांत सायकल मारायची तर वर्षातला हुकमी दिवस एकच, पंचवीस डिसेंबर. एरवी सकाळी आठच्या सुमारास तिथं शिरायची सोय नसते. १८५६ मध्ये सुरू झालेलं सेंट पॉल्स आणि आजूबाजूच्या शाळा. त्यांच्या रिक्षा, व्हॅन आणि मुलांना सोडायला आलेल्या आयांच्या स्कूटर्स यांची एकच झुंबड! नाताळला शाळा बंद, कचेऱ्या बंद, आणि रात्रीची मिस्सा आटोपून आलेली ख्रिस्ती घरं अजून पांघरुणात.

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपासून निघावं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन इथंच २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला भरलं आणि ही विहीर त्यासाठीच खोदली गेली. मुहूर्त नाताळच्या आठवड्यातलाच का? त्या काळी पुढाऱ्यांत वकील पुष्कळ, आणि कोर्टांना तेव्हाच सुट्टी! २०२४ मध्ये या अधिवेशनाला शंभर वर्षं झाली.

काँग्रेस रोडनं मिलिटरी महादेवाला हात जोडून कॅम्पात वळलं, की थंडी बोचू लागते. गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, त्यात मोठमोठ्या झाडांची सावली. साहेबाला ही हवा मानवली, त्यानं छावणी वसवली. सेंट मेरीज हे दगडी चर्च १८६९ चं. फातिमा कॅथेड्रलपाशी मात्र जाग असते. तिथल्या आवारात कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा चारही भाषा कानावर पडतात आणि कुणी कुणाला 'तुमची कुठली?' म्हणून विचारत नाही. आपला 'नाताळ' हा शब्ददेखील पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आलेला.

पेडलचा आवाज ऐकू येतो, इतकी शांतता. पण ती एका सकाळपुरती, हे मला खटकतं. आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर आता दुचाकीच दुचाकी, सायकली बोटांवर मोजण्याइतक्या. पालकांना विचारा, 'रस्त्यावर सोडायला भीती वाटते सर,' म्हणतात, आणि त्यांचं खोटं नाही. पण त्याच भीतीपोटी घेतलेली स्कूटर सकाळच्या गर्दीत भरच घालते! शाळेच्या वेळेला अर्धा तास कॅम्पातले एक-दोन रस्ते फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना ठेवता येणार नाहीत का? छावणीचे रस्ते रुंद आहेत, अशक्य मुळीच नाही.

परतताना एखाद्या ख्रिस्ती स्नेह्याचं दार वाजवावं. बशीत नेवऱ्या येतात. आपण करंजी म्हणतो, शेजारच्या अक्का करजिकाई म्हणतात, सारणात थोडा फरक. पिशवीत चार जास्तीच्या मिळतात. दहा वाजता बाजार उघडतो आणि हॉर्न सुरू होतात.