एकच ५० मिलिमीटर, गिऱ्हाईकं तीन

कॅननच्या आरएफ मालिकेत ५० मिलिमीटरची लेन्स तीन रूपांत मिळते. २०२० सालच्या एफ/१.८चं वजन १६० ग्रॅम, आत ६ भिंगं, अमेरिकेतली सुरुवातीची किंमत सुमारे २०० डॉलर. २०१८च्या एफ/१.२ एलचं वजन ९५० ग्रॅम, भिंगं १५, सुरुवातीची किंमत २,२९९ डॉलर. प्रकाश जेमतेम सव्वादोन पट जास्त, पैसे मात्र अकरा पटींहून अधिक!

मग फरक कसला? पूर्ण उघड्या छिद्रालाही कडेपर्यंत टिकणारी स्पष्टता, धूळ-पाण्यापासून संरक्षण आणि कॅननच्या व्यावसायिक एल लेन्सची ओळख असलेली ती लाल पट्टी. लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला हे परवडतं, कारण त्याची लेन्स कमावते.

स्वस्त लेन्सचं काम वेगळंच. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर शिकणाऱ्याला ती पहिल्यांदा धूसर पार्श्वभूमीची गोडी लावते आणि त्याच माउंटशी बांधून ठेवते. काटकसर कुठे केली तेही दिसतं: कॅननच्या जुन्या ईएफ मालिकेतल्या एफ/१.८च्या १९९०च्या दुसऱ्या आवृत्तीत धातूचा माउंट जाऊन प्लास्टिकचा आला, अंतराची पट्टीही गेली. आजच्या आरएफ एफ/१.८साठीही हूड वेगळा विकत घ्यावा लागतो. एल लेन्सच्या खोक्यात तो असतोच.

आरएफ मालिकेत या दोन्हींच्या मधली जागा काही वर्षं रिकामी होती. २०२४च्या अखेरीस व्हिडिओवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून ५८० ग्रॅमची एफ/१.४ एल व्हीसीएम तिथे आली.