भीतीची गोडी नेमकी कशात?

दारव्हा - तिकिटाचे पैसे मोजून माणूस घाबरायला का जातो, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. रात्री तुरीच्या शेतातून जाताना 'चकवा' लागेल म्हणून लांबचा रस्ता धरणारा माणूसच चित्रपटगृहाच्या अंधारात आपण होऊन जाऊन बसतो. दारव्हा असो वा दादर, पडद्यावर दार करकरू लागले की शेजाऱ्याचा हात घट्ट धरला जातो आणि दुसऱ्याच क्षणी सारे हसू लागतात.

त्यामागची शारीरिक क्रिया बरीचशी स्पष्ट झाली आहे. मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक भाग (अमिग्डाला) धोक्याची चाहूल लागताच शरीराला सावध करतो. ॲड्रेनलिन स्रवते, छाती धडधडते, तळहात घामेजतात. मात्र आपण खुर्चीत सुरक्षित आहोत, हे मेंदूचा विचार करणारा भाग विसरलेला नसतो. हे भान सुटले की उरते ती केवळ भीती. त्यात मौज नसते, आणि लहान मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते. प्रसंग संपला तरी शरीराची उत्तेजना लगेच ओसरत नाही. त्यामुळे पाठोपाठ येणारा सुटकेचा आनंद अधिक तीव्र भासतो, असे मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांचे प्रतिपादन होते.

भीती किती असावी, यालाही मर्यादा आहे. डेन्मार्कमधील आरहुस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका 'भूतबंगल्या'त शिरलेल्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक आनंद मधल्या पातळीच्या भीतीत आढळला. भीती फार कमी पडली तर कंटाळा येतो आणि फार वाढली तर नकोसे होते.

ही पातळी साधणे हे दिग्दर्शकाचे खरे कसब. अचानक मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकवणे सोपे असते, आणि आपल्याकडील अनेक भयपट तेवढ्यावरच भागवतात. टेबलाखालचा बॉम्ब एकाएकी फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर साध्या गप्पाही जीवघेण्या होतात, असे आल्फ्रेड हिचकॉक सांगत असत.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ची (2018) ताकद यातच आहे. नारायण धारप यांची एक कथा बर्वे यांनी 1993 मध्ये मित्राच्या तोंडून ऐकली, तीही विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलात. चित्रपटातील हस्तर पिठाचा भुकेला आहे, पिठाचे रिंगण तो ओलांडू शकत नाही आणि कणकेची बाहुली खाईपर्यंतच मोहरा लुटायला अवधी मिळतो. हे नियम प्रेक्षकाला माहीत असतात, म्हणूनच विनायक दोरावरून खाली उतरू लागला की श्वास रोखला जातो. 2024 मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. कथा माहीत असूनही लोक गेले, ही बाब रहस्यावरच भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

आवाजाचा वाटाही मोठा आहे. 'सायको'तील (1960) स्नानगृहाच्या प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉक यांचे मूळ मत होते. बर्नार्ड हरमन यांनी व्हायोलिनच्या किंचाळ्या ऐकवल्यावर ते बदलले. मोबाईलवर आवाज बंद करून कोणताही भयपट पाहिल्यास निम्मे भूत पळून जाते!

परंतु घरी परतल्यावरही जी भीती सोबत येते, तिला आवाज पुरत नाही. तिच्या मुळाशी काही खरे असावे लागते. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (2017) गरोदर स्त्री उसाच्या शेतातील एकाकी घरात येऊन पडते. उंच उसात वाट सापडत नाही, लपलेले दिसत नाही. तुरीच्या दाट शेतात वाट चुकलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण त्या उसापेक्षा भयंकर आहे ते मुलीचा जन्मच नाकारणारे घर. पूजा सावंत यांनी साकारलेली नायिका भुतापासून पळते की माणसांपासून, हा प्रश्न मध्यंतरानंतर प्रेक्षकाला अस्वस्थ करू लागतो. फुरिया यांनी 2021 मध्ये याच कथेवर हिंदीत 'छोरी' केला. भाषा बदलली, कलावंत बदलले. उसाचे शेत आणि मुलगी नकोशी असलेले घर मात्र बदलावे लागले नाही.