वृद्धापकाळ आणि शरीराचा तोल

घरातील वृद्ध माणूस पडले म्हणजे त्याचा दोष बहुधा ओल्या फरशीला, दुमडलेल्या सतरंजीला किंवा मग वयालाच दिला जातो. ‘वय झाले, चालायचेच,’ एवढे म्हटले की विषय संपतो. वस्तुतः वयाबरोबर पडणे ओघानेच येते, ही समजूत निरीक्षणांना धरून नाही. पासष्ट वर्षांवरील सुमारे २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ सालचा अंदाज आहे. याचाच अर्थ असा की, त्याच वयाची उरलेली बहुसंख्य माणसे पडत नाहीत. तेव्हा पडणाऱ्यांच्या ठायी असे काय असते, की जे न पडणाऱ्यांच्या ठायी नसते, हा प्रश्न विचारणे अवश्य ठरते.

प्रश्न लहान नाही. पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात व त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात, असे त्याच संघटनेने २०२१ मध्ये नमूद केले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर होती. केरळात तर दर आठ माणसांमागे एक या वयाचा होता.

दोन पायांवर उभे राहणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नव्हे. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो आणि एवढ्या उंच डोलाऱ्याला आधार मिळतो तो दोन पावलांपुरत्या जागेचा. स्वस्थ उभा असलेला माणूसही सूक्ष्मपणे झुलत असतो आणि स्नायू त्याला सतत सावरीत असतात. या कामी मेंदूला तीन ठिकाणांहून वार्ता मिळते. डोळे भोवतालच्या वस्तूंची स्थिती सांगतात. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव मस्तक कोणत्या दिशेस वळले ते कळवितो. आणि तळपाय, घोटे व गुडघे यांतील मज्जातंतू पायाखालील जमिनीची जाणीव देतात. तिन्ही वार्ता जुळवून पाहून मेंदू क्षणार्धात पायांच्या स्नायूंना आज्ञा देतो.

वार्ताहर तीन असल्यामुळे एखादा मंदावला तरी काम भागते. मोतीबिंदू झालेला मनुष्य दिवसा घरात निर्वेध वावरतो, कारण त्याचे तळपाय त्याला साथ देतात. परंतु मधुमेहाने ते तळपायही बधिर झाले असतील, तर रात्री दिवे गेले की तो एकट्या आंतरकर्णाच्या भरवशावर उरतो. बहुतेक वृद्धांच्या पडण्यामागे अशी दोन-तीन लहान कारणे एकत्र आलेली असतात. त्यांतील एखादे दूर केले तरी लाभ होतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील स्त्रियांच्या एका डोळ्यातील मोतीबिंदू लवकर काढला असता, शस्त्रक्रियेची वाट पाहत राहिलेल्या स्त्रियांच्या मानाने त्यांच्या पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी भरले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले.

तोल सांभाळण्यात लक्षाचाही वाटा असतो. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्धांच्या निवासातील ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी बोलणे काढले. त्यांपैकी बारा जण बोलण्यासाठी चालायचे थांबले. पुढील सहा महिन्यांत या बारांपैकी दहा जण पडले. ज्यांना चालण्यासाठी सगळे चित्त लावावे लागते, त्यांच्याजवळ इतर कशासाठी ते शिल्लक राहत नाही. अशा व्यक्तीला जिन्यात असताना मागून हाक मारू नये, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवणे बरे.

रात्रीचे उठणे हा आणखी एक नाजूक प्रसंग होय. उठून उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते. तरुण शरीरातील रक्तवाहिन्या ताबडतोब आकुंचन पावून रक्तदाब सावरतात. वृद्धांत हे कार्य मंदावते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंशांनी उतरला, तर तो दोष मानला जातो. डोळ्यांपुढे अंधारी येते, ती यामुळे. रक्तदाबाच्या काही औषधांनी आणि झोपेच्या गोळ्यांनी यात भर पडते. औषधे मनाने बंद करणे घातक आहे. परंतु सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावी व यांतील कोणती कमी करता येतील, असे अवश्य विचारावे. बिछान्यावरून उठण्यापूर्वी काठावर मिनिटभर पाय सोडून बसणे, हा उपाय तर कोणासही करता येतो.

आपल्याकडील घरांत न्हाणीघर विशेष जपावे लागते. साबणाचे पाणी, गुळगुळीत फरशी, उंबरठा, उकिडवे बसून उठणे, हे सारे तेथे एकवटते. तोल जाताना हात जे सापडेल ते धरतो, आणि सापडतो बहुधा नळ, नाही तर पंचा वाळत घालण्याची दांडी. तिने माणसाचा भार पेलत नाही. भिंतीत पक्की बसविलेली मूठ, बसून स्नान करण्यासाठी न हलणारे स्टूल आणि रात्रभर जळणारा मंद दिवा यांना खर्च फारसा येत नाही. सैल सपाता व पायांत येणारे धोतराचे अथवा लुगड्याचे टोक यांकडेही लक्ष असावे.

पडण्याचा एक परिणाम मात्र क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही, आणि तो म्हणजे भय. एकदा पडलेली व्यक्ती चालणे टाळू लागते. घरची मंडळीही प्रेमापोटी म्हणतात, ‘आजी, तुम्ही उठू नका, आम्ही आणून देतो.’ या काळजीतच खरा धोका आहे. न वापरलेले स्नायू झपाट्याने झिजतात, आणि दुबळ्या पायांची ती व्यक्ती पुन्हा पडते. याउलट, पायांच्या शक्तीचे व तोलाचे व्यायाम केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे १०८ चाचण्यांच्या २०१९ मधील समालोचनात आढळले. न्यूझीलंडमधील एका चाचणीत तर सर्व स्त्रिया ऐंशी वा त्याहून अधिक वयाच्या होत्या. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीलगत पावलापुढे पाऊल ठेवून चालणे, असे हे व्यायाम असतात. प्रारंभी कोणी तरी जवळ असावे.

इतके करूनही कोणी पडलेच, तर त्यास घाईने काखेत हात घालून उचलू नये. एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव असतो. अशा वेळी न हलविता रुग्णवाहिका बोलवावी, अनेक राज्यांत तिचा क्रमांक १०८ आहे. इजा नसल्यास प्रथम कुशीवर वळावे, मग हात-गुडघ्यांवर येऊन रांगत खाटेपर्यंत जावे, खाटेवर दोन्ही हात टेकून बळकट पायाचे पाऊल पुढे रोवावे आणि त्यावर भार देऊन वर बसावे. एकटे राहणाऱ्यांनी ही रीत धडधाकट असतानाच, कोणी समोर असता, करून पाहिलेली असावी. कारण तासन्‌तास जमिनीवर पडून राहिल्याने कातडी व स्नायू यांना होणारी हानी कित्येकदा मूळ दुखापतीपेक्षा अधिक असते.